दुसऱ्या खिडकीचा र

आमच्या घरात तीन भाषा चालतात आणि तिन्ही अर्ध्यामुर्ध्या. घरात उर्दूसारखं काहीतरी, जे ऐकून खरे उर्दूवाले नाक मुरडतील. बाजारात अहिराणी. आणि मराठी शाळेची, कचेरीची, पाटीवरची. मी मात्र लहानपणापासून मराठीच्या मागे हात धुऊन लागले. चौथीत असताना आमच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "हिचं शुद्धलेखन बघा, आणि तुम्ही!" त्या वाक्यात कौतुक होतं आणि आणखीही काहीतरी होतं, ते मला मोठेपणी समजलं. पण त्या दिवसापासून वेलांटी चुकलेली दिसली की माझं डोकं फिरतं. अक्कलकुव्याच्या बाजारातून पाट्या वाचत चालणं ही मला शिक्षाच. अम्मी म्हणायची, "लफ्ज गिनती बैठती, और सौदा भूल जाती."

पुढे याच वेडावर पोट भरायची वेळ आली. मी गावातल्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, आधी टायपिंग आणि मग प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स. पुस्तकातली उदाहरणं परदेशातली, कुणी सफरचंदं मोजतंय, कुणी पिझ्झा मागवतंय. मी ती बाजूला ठेवली आणि मराठीत गणितं तयार केली. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर. मी वर्गाला सांगायची, तुमच्या आया रोज हाच प्रोग्रॅम चालवतात: जर गुपचूप जेवलास तर ठीक, नाहीतर पाठीत धपाटा. पोरं हसायची आणि त्यांना समजायचं. स्ट्रिंग म्हणजे अवतरण चिन्हांत ठेवलेला मजकूर. कंप्युटर त्याचा अर्थ बघत नाही, नुसती अक्षरं बघतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दोन स्ट्रिंग सारख्या नाहीत, विषय संपला. हे शिकवताना मला फार बरं वाटायचं. शुद्धलेखनाची माझ्यासारखी चाड असणारं कुणीतरी जगात आहे, असं वाटायचं.

ती त्या वर्षी पावसाळ्यात आली. मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, चोवीस-पंचवीस वर्षांची, आश्रमशाळेत बारावी केलेली. घरी बोली पावरी, मराठी शाळेतली. पाड्यावरून मोलगीपर्यंत पायी, मोलगीहून जीपने घाट उतरून अक्कलकुवा, असं आठवड्यातून तीनदा. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तिला उशीर ठरलेला. "जीप उशिरा आला, मॅडम," ती दारातूनच म्हणायची. "आली," मी फळ्याकडे बघत म्हणायची. "आली," ती म्हणायची आणि हसत जागेवर बसायची. मी चूक काढली की तिला राग येत नसे, याचाच मला थोडा राग यायचा.

हुशार होती. पुस्तकी हुशार नव्हे, तिला लगेच पुढचं दिसायचं. एकदा मी सगळ्यांना साधा प्रोग्रॅम दिला: नाव विचारा आणि नमस्कार करा. तिने विचारलं, "आणि समोरच्याने नाव सांगितलंच नाही तर? नुसतं बटण दाबलं तर?" कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते. माझ्याही नाही. मी म्हटलं, "आगाऊपणा नको, आधी दिलंय तेवढं कर." पण संध्याकाळी घरी जाऊन मी तो प्रोग्रॅम दुरुस्त केला.

ती का शिकतेय, हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दिवाळी झाली की त्यांच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम जोडीच मागतो. लग्न झाल्यापासून दरवर्षी ती गेली होती, पोटात मूल होतं तेव्हाही. आता मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घातलं होतं. "या वर्षी मी जाणार नाही," ती म्हणाली. "मी गेले तर ती पण येणार. घरी ठेवायला कोणी नाही. आली की शाळा सुटली."

त्यावर एक वाट निघाली होती. आमच्या क्लासचे मालक मोलगीला सेवा केंद्र उघडणार होते, दाखले, अर्ज, रेशनची कामं. तिथे बसायला एक माणूस हवा होता. मालक शहाद्याकडच्या शेतकरी घरातले, व्यवहाराला चोख. उद्या कुणी वशिल्याचा बोभाटा करू नये म्हणून त्यांनी ठरवलं की क्लासची परीक्षा घ्यायची, पास होईल त्याची जागा, दोघं पास झाले तर मोलगीच्या जवळ राहणाऱ्याची. इच्छुक दोनच होते, ती आणि खापर गावचा एक जण. तिच्या नवऱ्याने कबूल केलं होतं की जागा मिळाली तर तो भावाबरोबर जोडी करील आणि ती घरी राहील. नाही मिळाली तर नेहमीसारखं.

प्रश्न मी काढला. मोठ्या हौसेने काढला. सेवा केंद्राचाच देखावा: आलेल्या माणसाला काम विचारा. त्याने "दाखला" लिहिलं तर "पहिल्या खिडकीवर जा" असं छापा. "रेशन" लिहिलं तर "दुसऱ्या खिडकीवर जा". बाकी काहीही असेल तर "तिसऱ्या खिडकीवर जा". चार दिवसांत लिहायचं आणि पाचव्या दिवशी माझ्यासमोर चालवून दाखवायचं. तपासायला मी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. त्यात तिन्ही बरोबर उत्तरं मी माझ्या हाताने टाइप केलेली. समोरच्याचं उत्तर आणि माझं उत्तर सारखं असेल तर "बरोबर", नाहीतर "चूक". माणसाने तपासलं की माणसाचा लोभ-राग आलाच, म्हणून हे असं. मला त्याचा अभिमान होता.

खापरवाल्याने चारही दिवस क्लासच्या मशीनवर बसून, माझ्या प्रश्नपत्रिकेतली वाक्यं उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवली. त्यात गैर काही नव्हतं. त्याची तिन्ही उत्तरं बरोबर आली. तिने सगळं मोबाइलवर लिहून आणलं होतं, कारण घरी दुसरं काही नव्हतंच. मोबाइलवरून मशीनवर घेतलं आणि चालवलं.

पहिल्याच ओळीत मला खटकलं. "दाखला" बरोबर तिने "दाखलो" पण धरलं होतं. म्हणजे कुणी दाखलो लिहिलं तरी पहिल्या खिडकीवर जा. "हे काय?" मी विचारलं.

"आमच्याकडचे म्हातारे दाखलोच म्हणतात, मॅडम. आणि मी मागची-पुढची मोकळी जागा पण काढून टाकली आहे. कोणी चुकून दाबतं."

आज विचार केला तर वाटतं, त्याच क्षणी जागा तिला देऊन टाकायला हवी होती. सेवा केंद्रात बसणाऱ्याला याहून जास्त काय यायला हवं? पण मला त्यात माझ्या प्रश्नाचा अपमान दिसला. मी म्हटलं, "चालव."

दाखला: बरोबर. रेशन: चूक. तिसरं: चूक.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी होत्या, तिची आणि माझी. "दुसऱ्या खिडकीवर जा" आणि "दुसऱ्या खिडकीवर जा". ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, "मॅडम, मला तर एकच दिसतं."

मी खुर्चीतून उठून तिच्या खांद्यावरून वाकले. मलाही एकच दिसत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मी म्हटलं, "कुठेतरी स्पेस असेल." तिने स्पेस शोधली, नव्हती. मोबाइलवर सगळं वाक्य नव्याने लिहून घेतलं. चूक. आणखी एकदा. चूक. वर्गातले बाकीचे आपापली कामं सोडून बघायला लागले होते, मला कारण सापडत नव्हतं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

तेव्हा मी म्हटलं, "डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? कंप्युटर खोटं बोलत नाही. आश्रमशाळेतली मराठी त्याला चालत नाही, एवढंच."

वर्ग हसला. तीसुद्धा थोडं हसली, जीप आला म्हटल्यावर हसायची तशी. शेवटची जीप सुटायच्या वेळेपर्यंत ती त्या दोन ओळींकडे बघत बसली. मी वहीत तिच्या नावापुढे तीनपैकी एक असं लिहिलं आणि सही केली. तिची घरची भाषा मराठी नाही म्हणून चूक तिचीच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. माझीही घरची भाषा मराठी नव्हती. ते मी सोयीने विसरले होते.

कारण सापडलं ते योगायोगाने, दिवाळीच्या आधी. टोळ्या अजून निघाल्या नव्हत्या. मी एका मोठ्या यादीत "दुसऱ्या" हा शब्द शोधत होते आणि मशीन मला तो अर्ध्याच ठिकाणी दाखवत होतं. डोळ्यांसमोर शब्द होता आणि मशीन म्हणत होतं, नाही. सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे यादी करणाऱ्याला शिव्या घातल्या. मग दोन्ही "दुसऱ्या" उचलून त्यांची लांबी मोजली. एकाची सात आली, दुसऱ्याची आठ.

अक्षरं वेगळी करून एकेक छापलं तेव्हा कळलं. मराठीतला हा आडवा, झोपलेला र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नेहमीचा र, त्याचा पाय मोडायचा, आणि मागे एक न दिसणारं अक्षर ठेवायचं. आमच्या क्लासच्या मशीनवर मी वर्षानुवर्षं तसंच लिहीत आले होते. दुसऱ्यात एक वेगळाच र, खाली टिंब असलेला, खास यासाठीच केलेला. मोबाइलवर तोच उमटतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कंप्युटरला मात्र ते दोन निराळे शब्द. पहिल्या खिडकीत तो र नाही, म्हणून ती बरोबर आली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीत आहे.

तिचा प्रोग्रॅम मशीनवर होताच. मी तो काढला आणि तिचा शब्द मोजला. सात. माझा आठ. खरं तर तिचाच र जास्त शुद्ध होता. शुद्धलेखनाची मिजास मिरवणारी मी, मलाच तो र माहीत नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटली की हे कुणाला कळलं तर.

त्या संध्याकाळी मी मालकांकडे गेले. काय सांगायचं ते ठरवून गेले होते. पण तोंडातून निघालं ते असं: "त्या मोलगीवालीला आणखी एकदा बसवू या का? हुशार आहे."

ते बिलं चाळत होते. "मॅडम, तुम्हीच तर नापास करी ना तिले," ते म्हणाले. "आते खापरवालानं नाव मी वर धाडी दिधं. आनि परीक्षा म्हनजे परीक्षा शे. ऱ्हाऊ द्या."

मी एवढंच म्हणायला हवं होतं की चूक तिची नाही, माझी आहे. ते व्यवहारी होते पण वाईट नव्हते. कदाचित त्यांनी नाव बदललं असतं, कदाचित नसतं. मी म्हटलंच नाही. "बरं," म्हटलं आणि जिना उतरले. उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. नंतर मी तिला एकदा फोन लावला. पाड्यावर रेंज नसते. संपर्क क्षेत्राबाहेर असं ऐकू आलं आणि मी ताबडतोब ठेवून दिला. पुन्हा लावला नाही. तपासणीचा प्रोग्रॅम मात्र गुपचूप दुरुस्त केला, दोन्ही र एक धरणारा. पुढच्या बॅचला मी तो किस्सा गंमत म्हणून सांगितला, कुणाच्या बाबतीत घडला ते न सांगता. पोरांना फार आवडला.

दिवाळी गेली. टोळ्या गेल्या. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

खापरवाला माघापर्यंत टिकला. वाईट माणूस नव्हता, पण लोक यायचे, दाखलो मागायचे, काहीबाही विचारायचे, आणि हा तोंडाकडे बघत बसायचा. मग लोकच येईनासे झाले. त्याने एक दिवस किल्ली आणून मालकांच्या टेबलावर ठेवली. मालक मला म्हणाले, "ती तुमनी हुशार पोरगी कोठे शे आते?" मी म्हटलं, बघते. होळीला ऊसतोडीची माणसं डोंगरात परत येतात. होळीच्या आधीच्या बाजाराला मी मोलगीला गेले.

बाजार नुसता फुलला होता. माणसांना माणसं लागत होती. मी तासभर फिरले आणि ती मला एका कडेला दिसली. समोर कापडावर भगरीचा ढीग, हातात माप. वाळली होती, पण वर बघितल्याबरोबर ओळखून उठली. "मॅडम! तुम्ही इकडे?" तिने पोत्यावर मला बसायला जागा केली. मी जागेची गोष्ट सांगितली, केंद्र रिकामं आहे, मालक बोलावतायत. ती ऐकत होती. मी विचारलं, "मुलगी कुठे आहे? शाळेत?"

"नाही राहिली ती," ती म्हणाली.

मला वाटलं, शाळेत राहिली नाही असं म्हणतेय. मी तर तिला दुरुस्त करण्याच्याही बेतात होते. तेवढ्यात ती पुढे बोलली. पौषात झालं. तीन दिवस ताप होता. तोडणी सोडून जाता येत नाही, एकाने कोयता ठेवला तर जोडी मोडते. तिसऱ्या संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले उशीर केला. तिथेच, गुजरातेत, मातीत घातली. हे सगळं तिने हातातलं माप भगरीत फिरवत सांगितलं, मध्ये एका गिऱ्हाइकाला दोन मापं घालून दिली, आणि राहिलेलं पुढे सांगितलं.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. कधी नाही ते माझे शब्द चुकले. पण मग मी तिला परीक्षेचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं म्हणून सांगितलं, की माझ्या छातीवरचं ओझं तिच्या मांडीवर ठेवायला सांगितलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भगरीच्या ढिगावर बोटाने दोन र काढून दाखवले. एक साधा, एक टिंबाचा. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"बरोबर होतं."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. त्या चेहऱ्यावर, त्या दिवशी, आनंद दिसला आणि मला तो बघवेना. मग ती म्हणाली, होळी झाली की येते, केंद्रावर बसते. नवऱ्याला सांगते. आणि मग तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला, मॅडम?"

आवाजात संशय नव्हता. तिला एखाद्या गोष्टीची एक बाजू कळली की दुसरी बाजूही हवी असायची, वर्गात असायची तशीच.

मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात."

"मग तुमचा काय दोष," ती म्हणाली, आणि मी विकत घेतलेल्या भगरीवर तिने आणखी एक मूठ घातली.

ती आता केंद्र चालवते. लोक लांबून तिच्याकडे येतात. काही अडलं की मला फोन करते, कधी अर्जाचं, कधी मशीनचं. फोन आला की मी ठरवते, आज सांगायचं, आणि अर्जाचं सांगून ठेवून देते. समोर बसून तर मला ते सात जन्मांत जमणार नाही. पण ती मराठी वाचते, माझ्याहून सावकाश, आणि एक अक्षर सोडत नाही. हे छापून आलं तर कधी ना कधी तिच्या हाती पडेल, म्हणून तिच्यासाठीच लिहिते. मागच्या आठवड्यात नव्हे. मला कळलं तेव्हा दिवाळीला नऊ दिवस होते, तू पाड्यावरच होतीस, आणि तुझी मुलगी शाळेत जात होती.